थंड हवेची गर्दी

इलोइलो शहरात थोरल्या बहिणीला ‘मानांग’ म्हणायचं. तिला नुसतं नावाने हाक मारणं म्हणजे थोबाडीत देणंच. नेनिंग वर्षभर आपल्या थोरल्या बहिणीला, पुरिताला, नावाने हाक मारत होती.

कारणही तसंच होतं. नेनिंगने हाँगकाँगमध्ये परक्यांची पोरं सांभाळून बेकरीसाठी पैसे साठवले आणि पुरिताच्या शब्दावर साल्वानेरा समूहाच्या शेअरमध्ये घातले. मॉल, वीज, बंदर, सिमेंट, जिकडेतिकडे साल्वानेराच! मग मंदी आली, भाव निम्म्यावर आला. बडा घर पोकळ वासा, असं जो तो म्हणायला लागला. आधी घ्या घ्या म्हणणारेही हेच, बरं का.

सुट्टीवर घरी आल्या आल्या नेनिंग म्हणाली, “पुरिता, एक काय ते सांग. विकू की ठेवू?”

पुरिताने तिला भर दुपारी साल्वानेराच्या मॉलमध्ये नेलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

“एवढी गर्दी! मग भाव का पडला मेल्यांचा?”

“मीही तेव्हा गर्दीच बघितली होती. तू लोकांचे हात बघ.”

हात रिकामे होते. म्हातारे बाकांवर पेंगत होते, पोरं सरकत्या जिन्यावर उगाच वर-खाली करत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि निम्मं शहर इथे थंड हवा खायला आलं होतं.

“आपणही हेच करायचो की गं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही,” पुरिता म्हणाली.

नेनिंगचा चेहरा उतरला. “म्हणजे बुडाले माझे पैसे?”

“नाही. या खेपेला मॉलची किंमत मी शून्य धरली. वीज, बंदर, सिमेंट यांची बेरीज केली, कर्ज वजा केलं. तरी शेअरमागे आजच्या भावापेक्षा जास्तच येतंय. शिवाय नफ्यातला वाटा अजून देतात. मी असते तर ठेवले असते. पण भाव कधी चढेल ते विचारू नकोस. आणखी पडेलही.”

“मागच्या वेळी तर म्हणालीस, सोनं आहे सोनं!”

“तेव्हा मी फार शहाणी होते.”

नेनिंगला हसू आवरेना. मग ती तडक समोरच्या दुकानात शिरली. पुरिता मान उंचावून बघत राहिली. रुसून गेली की काय?

नेनिंग परतली ती भलीमोठी पिशवी ओढत. आत पाव भाजायचे ट्रे होते.

“भट्टीपुरते शेअर विकते. बाकीचे राहू देत,” ती म्हणाली आणि पिशवीचा एक बंद तिने पुढे केला. “धर की मानांग! इथून निदान आपण तरी रिकाम्या हातांनी नको जायला.”