लाल-काळा फ्लेक्स

शनिवारी सकाळी कुमासीहून येणाऱ्या पहिल्या गाडीतून डुफी कोनोंगोच्या स्टँडवर उतरली, शाळेच्या मैदानाकडे वळली आणि जागच्या जागी थिजली. मैदान माणसांनी फुललं होतं. तिला वाटलं होतं, फार तर चर्चमधल्या चार बाया आणि दोन-तीन ड्रायव्हर येतील. इथं तर खुर्च्या पुरत नव्हत्या. पण तिची दातखीळ बसली ती गर्दी बघून नव्हे. झाडून सगळी माणसं लाल-काळ्या कपड्यांत होती, मयताला घालतात त्या.

आणि फाटकावर, दोन बांबूंच्या मध्ये, तिची मैत्रीण कोनादू हसत होती. पुरुषभर उंचीचा फ्लेक्स. चारी बाजूंनी काळी किनार, कोपऱ्यात पेटती मेणबत्ती, वर दोन पांढरी कबुतरं, खाली ‘वय एकेचाळीस’.

"अगं बाई," डुफी पुटपुटली, "ही तर जिवंत आहे!"

निघण्याआधी तिनं स्वतःच्या हातानं कोनादूला सूप भरवलं होतं, आणि मीठ कमी पडलं म्हणून तिच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

कोनादू स्टँडवर याम कंदाचे तळलेले काप आणि मिरचीची चटणी विकायची. समोरच डुफीचं शिवणाचं दुकान. दोघी लहानपणापासून एकमेकींच्या ताटातलं उचलून खात आलेल्या. कोनादूचं डोकं दुखायचं, मग डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, आणि एक दिवस ती कढईशेजारीच कोसळली. मेंदूत गाठ निघाली. कुमासीच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी ती काढली, सगळी काढली, आणि म्हणाले की बाई बरी होणार. मात्र राहिलेले तीस हजार सेडी भरल्याशिवाय तिला घरी सोडणार नव्हते. ती खाटेवर पडून राहील तेवढ्या दिवसांचं भाडंही बिलात चढत होतं. म्हणजे बरी होऊनही बाई अडकलेलीच.

डुफीनं गावभर पायपीट केली. ड्रायव्हरांच्या संघटनेनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. चर्चनं भरभरून प्रार्थना केली. प्रार्थनेला पैसे पडत नाहीत. शेवटी ती कोनादूच्या बोआडू मामांकडे गेली. आमच्याकडे बाईच्या जन्मापासून मरणापर्यंत मामाचाच शब्द चालतो, आणि बोआडू मामा तर अख्ख्या घराण्याचे प्रमुख. कोकोचं पीक जोरात, घराला नवे पत्रे. त्यांनी डुफीला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, "पोरी, घराण्याच्या पेटीत खडखडाट आहे. आणि खरं सांगू? डोक्याची कवटी उघडली की माणूस काही धड परत येत नाही. जे वाचणार नाही त्यात पैसा कशाला ओतायचा?"

डुफी तिथून तरातरा निघाली. कुमासीला गेली आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून तिनं बाफूरला फोन लावला. गावात शनिवारी माणसं जमवायची तर मांडव, खुर्च्या, कर्णा आणि फ्लेक्स लागतो, आणि चारही गोष्टी एकट्या बाफूरकडे मिळतात. तिला हुंदका आवरेना. "कोनादूसाठी माणसं जमवायची आहेत, बाफूर. या शनिवारी. पैसे गोळा करायचे आहेत. फोटो पाठवते."

बाफूर हळूच म्हणाला, "रडू नकोस, डुफीताई. तू तिथलं बघ. इथलं सगळं माझ्यावर सोड."

केवढा भला माणूस, असं डुफीला वाटलं. भला तो होताच. पण बाफूरचं पोट चालायचं मयतांवर; आमच्याकडे दुखवट्याला गाव शनिवारीच जमतं आणि मयताच्या नावानं पैसे टाकतं. इस्पितळातून रडत फोन करणाऱ्या बाईला ‘गेली का?’ असं तोंडावर विचारायची आमच्यात पद्धत नाही. तो शब्द कुणी उच्चारतच नाही. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्यात तिनं फोटो पाठवला तो लाल झग्यातला, तिनंच शिवलेल्या. नंतरचे दोन दिवस फोनवर निरोपांचा पाऊस पडला. ‘धीर धर, आम्ही आहोत.’ ‘शनिवारी येतोच.’ ते वाचून डुफीचे डोळे भरून आले होते. गाव अजून मेलेलं नाही, असं ती कोनादूला म्हणालीसुद्धा.

आता ती मांडवात शिरली तर बायकांनी तिला मिठ्या मारल्या, पुढच्या खुर्चीवर बसवलं, आणि एकीनं तिच्या कपाळाला लाल फडकं बांधलं. डुफी काही सांगायला गेली, की त्या तिला परत कुशीत ओढत. समोर टेबलावर मोठं पितळी घमेलं होतं आणि बाफूर कर्ण्यावरून पुकारत होता, "ड्रायव्हर संघटना, आपल्या बहिणीसाठी, तीन हजार सेडी! देव भलं करो!" तीच संघटना. "चर्चची महिला मंडळी, दोन हजार!" तेच चर्च.

मग बोआडू मामा आले. अंगावर काळं वस्त्र, मागं घराण्यातली वडीलधारी मंडळी, एकाच्या हातात पितरांसाठी जमिनीवर शिंपायची जिनची बाटली. ते डुफीजवळ थांबले आणि दात-ओठ खाऊन म्हणाले, "आमच्या पोरीची बातमी आम्हाला फ्लेक्सवर वाचायला लागावी? मला कळवायचं नाहीस? लोकांना काय वाटेल, घराण्याला पत्ताच नव्हता?" तिनं तोंड उघडायच्या आत ते पुढं गेले आणि त्यांनी जाडजूड पाकीट घमेल्यात टाकलं.

"घराण्याचे प्रमुख बोआडू मामा," बाफूरचा आवाज चढला, "भाचीच्या मानासाठी, वीस हजार सेडी!"

मांडवातून एक लांबलचक ‘हाऽऽ’ उमटला.

डुफीचे डोळे पांढरे झाले. वीस हजार! म्हणजे बिल जवळजवळ फिटलं. आणि खरं सांगायचं तर ती गप्प बसली. दहा मिनिटं तोंड बंद ठेवलं, तर दुपारच्या गाडीनं जाऊन पैसे भरता येतील, संध्याकाळी कोनादू घरी. मग गाव काय म्हणायचं ते म्हणो. तिनं मान खाली घातली. लाल फडकं कपाळाला काचत होतं. स्वतःचीच तिला भीती वाटायला लागली.

तेवढ्यात आफ्रिये म्हातारी उठली. ती वर्षानुवर्षं कोनादूच्या शेजारी बसून उकडलेली अंडी विकायची. फ्लेक्सपाशी जाऊन तिनं फोटोतल्या गालावर हात ठेवला आणि अशी किंचाळली की मांडव चिडीचूप झाला. "कोनादू! माझे बाई! मी तुला भेटायला आले नाही गं! उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. आता कुणाला भेटू?" आणि ती मातीत बसून कपाळ बडवायला लागली.

ते मात्र डुफीला बघवलं नाही. तिनं उठून बाफूरच्या हातातला माइक ओढून घेतला.

"आफ्रियेमावशी, रडू नकोस. ती जिवंत आहे. ऐकताय का? कोनादू जिवंत आहे! हे पैसे तिला इस्पितळातून सोडवायला हवे होते, पुरायला नव्हे!"

एकदम गलका उठला.

"जिवंत माणसाचं सुतक पाळायला लावलंस आम्हाला?"

"माझं सकाळपासून पोट रिकामं आहे!"

"बाफूर, गाढवा, तुला विचारता आलं नाही?"

"विचारतात का असं कुणी?" बाफूर रडकुंडीला आला होता. "तूच सांग, कधी विचारलंयस?"

बोआडू मामा घमेल्यापाशी गेले आणि त्यांनी आपलं पाकीट उचललं. "मेलेल्याच्या नावानं आणलेला पैसा जिवंताला द्यायचा नसतो. ते तिला मरणाकडं ओढण्यासारखं आहे. आता शुद्धीसाठी मेंढा कापावा लागेल, आणि तो मेंढा ही डुफी देईल." त्यांच्यामागं संघटनेचा खजिनदारही हात पुढं करून उभा राहिला. काही जण खुर्च्या सरकवून चालायलासुद्धा लागले.

आपणच आपल्या हातानं मैत्रिणीला पुरलं, असं डुफीला वाटलं. दुसरं काही सुचेना म्हणून तिनं कोनादूला फोन लावला आणि माइकसमोर धरला.

"डुफी?" आवाज मैदानभर घुमला, संथ, एकेक शब्द वेचून काढल्यासारखा. शस्त्रक्रियेनंतर कोनादू अशीच बोलायची, आणि मनात येईल ते सरळ बोलून टाकायची. "एवढा... गोंगाट कसला? कोण रडतंय?"

म्हातारी आफ्रिये मातीतच हात जोडून बसली. दोघी-तिघींनी तोंडात वस्त्राचं टोक कोंबलं.

"गाव जमलंय, बाई," डुफी म्हणाली. "पैसे द्यायला आलेत." खोटं कसं सांगायचं आणि खरं कसं सांगायचं, तिला कळेना.

"मामा आलेत?"

"आलेत."

"किती... दिले त्यांनी?"

डुफीनं मामांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. बाफूर मात्र सवयीचा गुलाम. दुसऱ्या माइकमधून त्याच्या तोंडून निघून गेलं, "बोआडू मामा, वीस हजार सेडी."



"वीस हजार?" कोनादू म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग तर नव्हताच. ती नुसती चकित झाली होती. "मामा, मी तुम्हाला... एवढी आवडते? मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, मी मेले तरी तुम्ही यायचा नाहीत."

बोआडू मामा पाकीट हातात धरून उभे होते. त्यांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग त्यांनी पाकीट परत घमेल्यात ठेवलं, आणि खिशात होते तेही पैसे त्यावर ठेवले. खजिनदारानं हात मागं घेतला. सगळ्यांनीच घेतला असं नाही. काही जण आपापलं उचलून गेले, ते गेलेच.

मामा डुफीच्या रिकाम्या खुर्चीवर बसले आणि काळ्या वस्त्रात तोंड लपवून रडायला लागले. एवढा मोठा माणूस असा रडताना गावानं कधी पाहिला नव्हता. लोक अवघडून इकडंतिकडं बघायला लागले.

"डुफी," फोनमधून आवाज आला, "आता कोण रडतंय?"

"मामा."

"का?"

डुफीनं कपाळाचं लाल फडकं सोडलं आणि त्यानंच डोळे पुसले.

"त्यांना सांग," कोनादू म्हणाली, "मी आहे अजून."