भट्टीवाल्याने मला हाक मारली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव 'असह्य'. संस्कृतातला 'सह्', म्हणजे सोसणे, हे माझे मूळ. त्यातून 'सह्य' झाला; सोसता येईल असा, गुणी. त्याच्यापुढे एक चिमुकला 'अ' ठाण मांडून बसला आणि मी जन्मलो. सोसणाऱ्यांच्या घराण्यात न सोसवणारा तेवढा मीच!

मला वाटे, आपल्याला लोक मोठ्या दुःखातच बोलावतील. कसचे काय! एका बेकरीतल्या भट्टीवाल्याच्या घरी माझे अगदी पोतेरे झाले. त्याच्या मुलीला पंख्याची कुरकुर असह्य, जावयाला शेजाऱ्याचे गाणे असह्य. चहात साखर जास्त पडली, तरी दोघांच्या तोंडी मीच. राबून राबून मी पार झिजलो. माझ्या येण्याने कोणी मानही वर करीत नसे.

एकटा भट्टीवाला माझे नाव काढीत नसे. उभा जन्म त्याने धगीपुढे काढला. हात भाजला, तरी म्हणे, "चालायचंच!" मला त्याचा रागच येई. एवढे सोसतो, आणि मला साधी ओळख दाखवत नाही!

एकदा त्याच्या पोटात दुखू लागले. "पित्त असेल," म्हणत त्याने काम रेटले. दुपारी पाव काढता काढता तो भट्टीपाशीच खाली बसला. अंगाला घाम सुटला होता, पण त्या कामात घामाचे काय नवल? मुलगी पावांचा ट्रे घेऊन शेजारून निघाली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पोरी, असह्य होतंय गं."

ट्रे तिच्या हातातून निसटला. ती नवऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, गाडी काढा आधी! बाबा असह्य म्हणतायत!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. थोडक्यात वाचले." मित्रांनो, मी धन्य झालो. त्याने मला जन्मभर जपले होते, म्हणून त्या दुपारी माझ्यात बळ उरले होते. त्याचे उपकार मी कसे फेडू?

तो घरी आला, त्या दिवशी जावयाने चहाचा घोट घेतला. "हा चहा अस..." म्हणता म्हणता तो थबकला. "जरा गोड झालाय," एवढेच म्हणाला. भट्टीवाला हसला आणि लगेच पोट धरून बसला.

"टाके दुखतायत? खरं सांगा हं, बाबा," मुलगी म्हणाली.

"दुखतंय. पण सोसवतंय."

मित्रांनो, मला उठसूट राबवू नका. पण खरेच सोसवेनासे झाले, तर लाजू नका. मला हाक मारा.