अर्धं छत

मुकादमीण म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. नवरा गिलाव्याच्या कामावर मुकादम होता म्हणून हे नाव. तो गेला, नाव राहिलं, आणि तोराही राहिला. नवऱ्याचा एक नियम तिनं मुलाच्या डोक्यात लहानपणापासून ठोकून बसवला होता: छताचा गिलावा हाती घेतला की मध्येच सोडायचा नाही. कालवलेला माल एकदा सुकून आवळला की उद्याचा हात आजच्या हाताशी जुळत नाही, जोड दिसतो, आणि जोड दिसला की घराण्याला बट्टा. "अर्धं छत सोडणारा आमच्या घरचा नव्हे," असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची.

म्हणून परांचीवर उभा असताना, डोक्यावरच्या छताला थापी दाबता दाबता उजव्या खांद्यात काहीतरी चर्रकन फाटलं, तरी मुलगा खाली उतरला नाही. डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरत त्यानं छत पुरं केलं. घरी येऊन सदरा काढताना मात्र कळवळला.

"खांदा दुखतोय गं."

"दुखणारच. खांदा आहे तो, शोभेची खुंटी नाही. तुझ्या बापाला कधी कण्हताना ऐकलंस?"

झालं. त्यानं तोंडाला कुलूप लावलं आणि दुखणं अंगावर काढलं. वर्ष उलटलं, वर आणखी काही महिने गेले. शेवटी सुनेच्या ध्यानात आलं, की नवरा केस विंचरताना हात डोक्याकडे नेत नाही, डोकंच हाताकडे नेतो. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ इस्पितळात नेलं. मुकादमीण पाठोपाठ निघालीच.

डॉक्टरबाई सुनेच्याच वयाच्या. हाडांचा नमुना पुढ्यात ठेवून त्यांनी समजावलं. स्नायूला हाडाशी बांधणारी एक दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. ह्यांची ती हाडावरून उखडली आहे. खांद्याला बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा आत, दुसऱ्यातून हत्यारं. हाडात इवल्याशा खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांचे दोरे कंडरेतून ओवायचे आणि तिला पुन्हा हाडावर आवळून बांधायची.

"म्हणजे शिवणकामच की," मुकादमीण म्हणाली. "मग एवढा चेहरा पाडायला काय झालं?"

"उशीर झालाय, आजी. सुटलेली कंडरा आत आखडत जाते. ओढून हाडापर्यंत पोचली तर ठीक. तेव्हाच आला असतात तर..."

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि ओढ की नीट! जोर कमी पडला तर मला हाक मार."

मुलगा हसला. कितीतरी दिवसांनी.

ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर ताठ बसून होती. पाठ टेकली तर हरली असं कुणाला वाटायला नको. दार उघडलं, डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"अर्धीच बसली. मागचा भाग हाडाशी आला, तो बांधला. वरचा आलाच नाही. भोवतालचं सगळं मोकळं करून पाहिलं. जबरदस्तीनं ताणला असता तर दोऱ्यानं तो कापला गेला असता. होतं तेही हातचं गेलं असतं."

"अर्धं सोडलंत?" मुकादमीण ताडकन उठली. "लाज नाही वाटत? परत आत जा! कामाला हात घातलात ना, मग पुरं करा!"

सुनेनं तिचा दंड धरला. आवाज चढवला नाही.

"आई, बसा. त्यांनी सोडलं म्हणून निम्मा तरी हात राहिला. ह्यांनी त्या दिवशी छत सोडलं असतं, तर अख्खा राहिला असता."

मुकादमीण बसली, आणि पाठ बाकाला टेकली. 'खांदा दुखतोय गं.' ते त्यानं मुकादमिणीला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं.

पुढे हाताची झोळी निघाली. छताचं काम कायमचं सुटलं, छातीएवढ्या भिंती करता येतील, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मुलगा मात्र ऐकेना. व्यायाम ठरलेला होता: भिंतीला बोटं टेकवायची आणि मुंगीसारखी चालवत हात वर न्यायचा. रोज सकाळी तो आतल्या खोलीत उभा राहायचा. बोटं छातीपर्यंत चढायची, खांदा कानाला भिडायचा, हात थरथरायचा आणि खाली यायचा. दोर निसटलेल्या बादलीसारखा.

एका सकाळी त्याला दारात आई दिसली.

"बघ, कालच्यापेक्षा वर गेला ना?"

गेला नव्हता. मुकादमीण जवळ आली. ती भिंत नवऱ्यानं लग्नाआधी गिलावलेली, आरशासारखी गुळगुळीत. आल्यागेल्याला तिनं ती हात लावून पाहायला लावली होती. आज तिनं स्वतःच तळवा फिरवला.

"ही भिंतच मेली खडबडीत," ती म्हणाली. "तुझ्या बापानं घाईत उरकली होती. बोटं अडणार नाहीत तर काय?"

मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"हो गं," तो हळूच म्हणाला. "खडबडीत आहे खरी."

आणि त्यानं पुन्हा बोटं टेकवली.