बुरूडआळीचा सापळा

सापानं सोमवारी गोठा गिळला, मंगळवारी ओसरी आणि बुधवारी माजघर. माजघरात चंपाचा नवरा दौलत पाय मोडून खाटेवर पडला होता, तोही गेला. साप रोज भर दुपारी येई आणि एकच खोली गिळे. आता राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर. गुरुवारी ते गिळलं की घर संपणार आणि जनावर दौलतला घेऊन डोंगरात जाणार, हे अख्ख्या बुरूडआळीला ठाऊक होतं.

"ठेचून काढू," शेजारची हिराक्का म्हणाली.

"अन् आत माझा माणूस हाय, त्येचं काय?"

दौलत चांगला जिवंत होता. साप माळावर सुस्तावला की चंपा त्याच्या पोटाला कान लावायची. आतून आवाज यायचा, "चंपे, तांब्यातलं पाणी संपलं बघ."

चंपा पोटभर रडली, मग पदर खोचला. मासे धरायची टोपली तिला बापानं शिकवली होती. तोंडाशी बांबूच्या कामट्या आत वळवायच्या. शिरणाऱ्याला वाट मऊ लागते, परतणाऱ्याला टोचते. कोंडलेलं जनावर गिळलेलं ओकतं, हेही बापच सांगायचा. तिनं स्वयंपाकघराभोवतीच टोपली विणायचं ठरवलं आणि रातोरात गाडीभर बांबू चिरून ठेवला.

पण गुरुवारी नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. सकाळी हिराक्कानं सवयीनं विळीवर गवारीची एक शेंग चिरली, तर माळावरून दौलत ओरडला, "आई गं! पोटरीला काय लागलं?" हिराक्कानं गालांत मारून घेतलं आणि विळी टोपलीखाली झाकली.

बुरूड माणूस विणून झालं की कामट्यांची शेपटं बाहेरून छाटतो. आज छाटायचं कसं? शेपटं आत वळवून गाठी मारायच्या, एवढाच उपाय होता.

"न्हाई कापायचं? न्हाई कापत. अडलंय माझं खेटर!" चंपा म्हणाली आणि कामाला बसली. बोटं सोलली तरी उठली नाही. वीण भिंतींवरून चढली, कौलांवरून गेली, पलीकडे उतरली. सगळ्यात लांब कामटी तेवढी उरली, ती तिनं गुंडाळून चुलीपाशी ठेवली.

दुपारी साप आला. दारातल्या कामट्यांमधून शेपटीपर्यंत आत सरकला. मग मागं फिरू लागला, तर कामट्या टोचल्या. पुन्हा फिरला, पुन्हा टोचल्या.

"घावला गं बाई, घावला!" हिराक्का बाहेर नाचायलाच लागली. मग थांबली. "चंपे, पर तू कुठं हाईस?"

चंपानं चहूकडं पाहिलं. सगळ्या गाठी आत, तिच्याच बाजूला होत्या; गाठी मारता मारता ती सापासकट टोपलीत कोंडली गेली होती.

"थांब, कोयता आणते!"

"खबरदार! आज पातं लावलंत तर माझ्या माणसाच्या अंगावर जाईल."

उन्हानं ओले बांबू आवळू लागले. भिंती हातभर जवळ आल्या, मग अजून हातभर. साप काही ओकेना. त्यानं तोंड उघडलं आणि चूल गेली, पाठोपाठ भांड्यांची मांडणी. चंपानं वाकून पाहिलं. दातांपलीकडं माजघर होतं, त्यामागं ओसरी, त्यामागं गोठा. म्हैस रवंथ करत होती. खाटेवर दौलत बसला होता.

"आलीस?" तो म्हणाला.

"न्यायला आलीय. उठा."

"पाय मोडलाय गं."

"मी उचलते की. मेल्यागत बसू नका."

चूल जाताना ओढून घेतलेल्या लांब कामटीचं एक टोक तिनं कमरेला बांधलं, दुसरं विणीतून बाहेर सारलं. "हिराक्का, धरा. उद्या उजाडलं की टोपली कापा. तवर हे सोडायचं न्हाई, काय?"

"न्हाई सोडत, जा," हिराक्का म्हणाली. तिनं टोक दोन्ही मुठींत आवळलं.

लग्नाच्या दिवशी टाकला होता तसा उजवा पाय आधी टाकून चंपा दात ओलांडून आत गेली.

कामटी सरसरत आत जाऊ लागली. हिराक्कानं पाय रोवले. थोड्या वेळानं कामटी थांबली, आणि मग एकदम दोन माणसांचं वजन लागलं तशी ताणली. हिराक्कानं बाहेर ओढलं, तर सापानं कामटी आणखी आत गिळली. तिच्या मुठीत आता वीतभर टोक उरलं होतं, आणि ऊन अजून डोक्यावरच होतं.