ज्योतिबा पैलवानांचे कान

सन १९९६, माघ महिन्यातील एका सकाळी, सांगली जिल्ह्यातील पलूस येथे, तालमीच्या बाहेरच्या ओट्यावर, साताऱ्याहून मुद्दाम बोलावलेले आकाराम मास्तर विडीच्या बंडलातल्या एका जुन्या चित्रावर भिंग धरून बसले होते. समोर चंद्राबाई बसल्या होत्या. तालमीचा उंबरा बायका ओलांडत नसल्याने हा सारा निवाडा उन्हातच चालला होता.

स्वातंत्र्यापूर्वी एका विडी कारखानदाराने बंडलागणिक एकेका पैलवानाचे क्रमांक घातलेले रंगीत चित्र घालण्याची टूम काढली होती. पुढे पुण्या-मुंबईच्या शौकिनांना त्या बोटभर पुठ्ठ्यांचे वेड लागले, आणि लागलीच नव्या छपाईची, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली चित्रे बाजारात उतरली. ती लबाडी ओळखण्यात चित्रकलेचे हे निवृत्त शिक्षक वाकबगार मानले जात. त्यांचा निर्णय कोणी खोडू पाहिला, तर समोरचा थकेपर्यंत ते मुद्देसूद वाद घालीत.

ज्योतिबा पैलवानांचे असे एक चित्र तालमीत चौकटीत लावलेले होते. सहा वर्षांपूर्वी ते मास्तरांनीच दिले होते. आता त्यावरून पुरुषभर उंचीचे तैलचित्र करवून घ्यायचे ठरले, आणि नेमके तेव्हाच ज्योतिबांच्या पत्नी चंद्राबाई यांच्या ट्रंकेत दुसरे निघाले. क्रमांक तोच, नाव तेच. चेहरा मात्र निराळा भासत होता. पैलवान गेले, त्याला बरीच वर्षे झाली होती. पुढच्या पिढ्यांना ते कोणत्या चेहऱ्याने दिसणार, हे आज ठरायचे होते.

“काय म्हनतंय भिंग?” शेजारी बसलेल्या, तालमीच्या वस्ताद आप्पासोंनी विचारले. “का त्येला बी मोतीबिंदू झालाय?”

“घाई नको. कागद जुना आहे, चहाचा वास नाही. आणि रंग पाहा, वाळू भुरभुरावी तसा विखुरलेला आहे. दगडावरून छापलेलं चित्र असंच दिसतं. नव्या यंत्राचे ठिपके पेरणीसारखे ओळीत येतात.”

“मंजी खरं?”

“तिथंच अडतं. कान पाहा. कुस्तीत घासून घासून मल्लाचे कान मोडतातच. एवढा नावाजलेला मल्ल, आणि कान पेढीवरच्या शेठजीसारखे अखंड? तुमच्या तालमीतल्या चित्रात ते कसे चुरगळलेले आहेत. माझं मत असं, की छापणाऱ्यानं आधी भलत्याच माणसाखाली ज्योतिबांचं नाव घातलं, आणि चूक कळल्यावर चित्र बदललं.”

चंद्राबाई पदराआड हसल्या.

“आवं मास्तर, कान व्हय? ते मागनं मोडलं. औंधाच्या जत्रंतल्या कुस्तीत, माजा थोरला पोटात हुता तवा. ह्यो कागद तर लगनाच्या आदीचा हाय. माजा बा ईडी वडायचा. बंडलात ह्यो निगाला, तसा आयला दावला नि म्हनला, ह्या पोराच्या घरी जाऊन येतो.”

“मंजी ईडीनं जमिवलेली सोयरीक म्हना की,” आप्पासो म्हणाले.

मास्तर मात्र हसले नाहीत. बाईंच्या बापाच्या हाती पडलेल्या चित्रातले कान जर शाबूत होते, तर त्याच क्रमांकाच्या चित्रात ते मोडलेले कसे? त्यांनी आप्पासोंना आतली चौकट आणायला सांगितली, तिची पाठ उघडली आणि आतल्या चित्रावर भिंग धरले.

ठिपके ओळीत होते. पेरणीसारखे.

ते चित्र वाईच्या नाथाजींनी, मास्तरांच्या दिवंगत स्नेह्याने, मोठ्या प्रेमाने मास्तरांना दिलेले होते. स्नेह्याच्या भेटीला भिंग लावणे मास्तरांना असभ्य वाटले होते. शिवाय त्या मोडक्या कानांनीच त्यांची खात्री पटवली होती. कोणा लबाडाने ज्योतिबांच्या उतारवयातल्या फोटोवरून ते चित्र उठवले असणार. तालमीत रोज कुस्ती खेळणाऱ्या कोणीही ज्योतिबांना त्यांच्या तरुणपणी पाहिले नव्हते. ज्यांनी पाहिले होते, त्यांना कोणी विचारले नव्हते.

आप्पासोंच्या ध्यानात आले. त्यांनी आवाज उतरवला.

“ऱ्हाऊ द्या मास्तर. हितं हाय कोन तिसरं? चंद्राकाकी काय बोलायच्या न्हाईत. हायत ती दोनी लावू.”

चंद्राबाईंनी चौकटीतले चित्र मागून घेतले. सहा वर्षांत त्या ते प्रथमच पाहत होत्या. चुरगळलेल्या कानांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“ह्ये बी त्येच हायत. म्हातारपनीचं. तुमी कंचं बी लावा, मला कळत न्हाई त्यातलं. पर मोठं लावशीला ते दाराच्या समूर लावा. हितनं दिसंल असं.”

आप्पासोंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी ट्रंकेतले चित्र बाईंच्या तळहातावर ठेवले आणि भिंग डबीत घातले. निर्णयाबरोबर कारणे देण्याची त्यांची आजवरची रीत होती. या वेळी त्यांनी एकही दिले नाही.

“बाईंचं खरं आहे,” ते म्हणाले. “माझं खोटं.”