शेवटची बाई घरी पोचेपर्यंत

“सूर्य थांबला कशानं, ते लिहिलंच न्हाई म्हणतोय,” मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं आणि माझंच डोकं फिरलं. पुण्याचा कुणी समीक्षक. नेटवरच्या एका मासिकात त्यानं अक्काताईंच्या कथेची तीन ओळींत वाट लावली होती. कल्पना गोड, शास्त्र कच्चं. त्या शहाण्याला संध्याकाळी आयतं ताट मिळत असणार.

अक्काताई शांत. “बरोबर हाय की त्याचं. सूर्य कुठं थांबतोय? ते ऱ्हाऊ दे. माझ्या आदितीचं काय उत्तर आलंय का बघ.”

काही आलं नव्हतं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं नेट कॅफे, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानात अक्काताई बिलं करायच्या. दुकान आठला बंद व्हायचं. घर जैनांचं, सूर्य बुडाल्यावर अन्नाला हात लावायचा नाही. नवरा नेमगोंडा आणि पोरगी आदिती उजेडात जेवून घेत. ह्या पोचेपर्यंत अंधार. दुपारच्या डब्यावर दुसरा दिवस गाठायचा, असं पोरगी मोठी झाली तरी चालूच राहिलं. लवकर सोडा म्हणून मालकाला विनवलं, तर तो दुसरी बाई बघतो म्हणाला. एक घास खाल्ला तर कोण बघायला येतंय, असं मी कितीदा म्हटलं असेल. त्या नुसत्या हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा.

आदिती लग्न होऊन शिकागोला निघाली, तेव्हा सामान बांधताना आईला म्हणाली, “संध्याकाळचं जेवताना तू समोर बसलीयास, असं मला एकदाबी आठवत न्हाई.”

 वर्षभरानं अक्काताई चार कागद घेऊन माझ्याकडं आल्या, टाईप करून दे म्हणाल्या. त्या कथेत कोल्हापूरचा सूर्य जोतिबाच्या डोंगराला टेकून बसतो. गावातली शेवटची कामकरी बाई घरी पोचेपर्यंत हलतच नाही. कोंबड्या वैतागतात, पोरं खेळ आवरत नाहीत. शेवटी ती बाई हातपाय धुऊन पाटावर बसते, लेक तिला वाढते, दोघी पोटभर जेवतात, आणि मग तो उतरतो. टाईप करताना मी रडले, खोटं कशाला सांगू.

अमेरिकेतली मराठी मंडळी ते मासिक चालवायची. कविता, परीक्षणं आणि असल्या जगावेगळ्या कथा. त्यांनी ती घेतली. दुवा मीच आदितीला मेल केला. तेव्हापासून दुकान बंद झालं की अक्काताई माझ्याकडं यायच्या आणि उत्तर आलंय का विचारायच्या. पोरगी अधूनमधून माझ्या कॅफेतल्या फोनच्या बूथवर फोन करायची, हवापाणी विचारायची. कथेचं नाव काढायची नाही. अक्काताईही तिला विचारायच्या नाहीत, मानी बाई.

त्या संध्याकाळी परीक्षण वाचून होतंय तोवर फोन वाजला. आदितीच होती. तिचा आवाज मोठा, मला शेजारी बसून ऐकू येत होता.

“आई, वाचली गं. कितीदा वाचली. बोलायचं धाडस हुईना.” मग बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज. “इथं सकाळ हाय. लख्ख ऊन पडलंय. भाकरी केलीया, ताट घेऊन बसलोय. तूबी काहीतरी खा माझ्यासंगं. माझ्या उन्हात खा की.”

माझ्या खणात केळी होती. मी एक सोलून त्यांच्यापुढं धरलं. आता तरी खातील, असं मला मनापासून वाटलं. अक्काताईंनी बाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे लागून कितीतरी वेळ झाला होता. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

“तुझं ऊन तुला, बाळ,” त्या म्हणाल्या. “तू जेव. मला ऐकू दे.”

पलीकडं पापड मोडल्याचा आवाज आला. अक्काताईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि रिसीव्हर कानाला धरून माझ्या कॅफेच्या फरशीवर मांडी घालून बसल्या. तिचं ताट संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.