माझ्या पोटात कुजणारी वैरीण

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मी दातओठ खाते.

माझा जन्म आंब्याच्या खोडातून झाला. भिवंडीजवळच्या कोन गावाच्या अलीकडे आमचे तळे आहे. तिथे माझा धनी सावळाराम माझ्यात उभा राहून जाळे टाकी. एकदा मी वल्ह्याशिवाय वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात तळ शेकून आले होते. साक्षीदार तेवढे आता उरले नाहीत.

मग त्र्याहत्तर साली ती आली. जलपर्णी. जांभळी फुले, फुगीर देठ, चेहरा साळसूद. वर्षभरात तळे असे भरले, की बायजाबाईची कोंबडी त्यावरून चालत पलीकडे गेली आणि पिल्ले घेऊनच परतली. खाली मासे हवेवाचून मेले. जाळे पाण्याला लागेना. पुढल्या पावसापर्यंत तळे मोकळे झाले नाही, तर भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी धरायची आणि मला चुलीत घालायचे, असे सावळारामने ठरवले. त्याच दिवशी मी सुडाची शपथ घेतली.

त्या सुमारास कॉलेजातले रामनाथ सर या तणाचा अभ्यास करायला आले. माझ्यात बसून ते बांबूची चौकट पाण्यावर ठेवत आणि आतली झाडे मोजत. चौकटीतल्या दहाही झाडांना त्यांनी लूमचे लाल सूत बांधले. पंधरा दिवसांनी चौकटीत वीस झाडे होती. बिनसुताची दहा म्हणजे तिची नवी पोरे.

"सर, मोजून ती मरनार हाय का?" सावळारामने विचारले.

"वैऱ्याचं घर किती वेगानं वाढतं ते कळलं, की किती हात लागतील ते कळतं."

सर मला तिथेच आवडले. बी धरण्याआधी मुळासकट उपटा, काठापासून लांब नेऊन मुळे वर करून वाळवा, असे त्यांनी सांगितले. वैशाखात सारा गाव तळ्यात उतरला. एकेका खेपेला मी हत्तीएवढा ढीग वाहिला. तळे आरशासारखे झाले.

आणि माघात एक कोपरा पुन्हा जांभळा. गाळातले बी उगवले असेल, असे सरांना वाटले. मग त्यांनी त्यातले एक झाड उचलले. त्याला लाल सूत होते.

काठावर सावळारामची बायको रंगूबाई उभी होती. वैशाखात तिनेच ते झाड उचलून गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत जपले होते, फुलांसकट गौरीला वाहिले होते आणि विसर्जनाला मुळासकट तळ्यात सोडले होते.

"देवीला वाहिलेलं," ती हळूच म्हणाली, "उकिरड्याव कसं टाकू?"

दुसऱ्या सकाळी ती स्वतः लांब दांड्याची लोखंडी आकडी घेऊन माझ्यात चढली. चैत्र लागेपर्यंत ती उपसत राहिली. सावळारामचे जाळे पुन्हा भिजले. मात्र शेवटच्या खेपेला आकडी माझ्या तळातून आरपार गेली.

सावळारामने नवी होडी केली. मला चुलीत घालू न देता रंगूबाईने परसात ओढून आणले. आता तळ्यात दिसलेले प्रत्येक झाड ती माझ्या पोटात टाकते. गौरीचे निर्माल्यही माझ्यातच येते. सगळ्याचे खत होते. त्यावर भोपळा चढतो, आणि त्याची पिवळी फुले गौरीला जातात.

मित्रांनो, फूल कितीही देखणे असो, त्याचे मूळ तळ्यात सोडू नका. एखादे चुकार झाड दिसले, तर लगेच माझ्याकडे आणा. त्या जलपर्णीने माझा श्वास कोंडला होता. माझे पोट अजून भरलेले नाही.